सरावातलं मोजत नाहीत

पहिल्याच चेंडूवर होम रन बसला. चेंडू कुंपणावरून गेला, पार्किंगमधल्या कुणाच्या तरी ट्रकच्या टपावर आपटला आणि पलीकडच्या निवडुंगांत दिसेनासा झाला.

"बरं झालं," मर्ल म्हणाला. "आता हात मोकळा होईल आपल्या पिचरचा."

"गेल्या आठवड्यातही मोकळाच होत होता," डोरीन म्हणाली आणि अलास्काच्या माहितीपत्रकाने वारा घेऊ लागली. पत्रकावर पांढरीशुभ्र हिमनदी होती. तिच्यासमोर एक जहाज, आणि जहाजाच्या कठड्याशी म्हातारा-म्हातारी. त्यांच्या घरात बेसबॉलचा विषय कधी निघालाच नसावा, अशी ती दोघं हसत होती.

डोरीनला लग्नापासून अलास्का बघायचं होतं. अलास्काला जायचं ते उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात मर्लच्या लाडक्या हेरन्स संघाचे सामने. हेरन्सनी मर्लच्या जन्मापासून एकही विजेतेपद मिळवलं नव्हतं. पण नेमके आपण बोटीवर असताना ते मिळवतील, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. शेवटी ओहायोतल्या स्वयंपाकघरात तह झाला. मार्चमध्ये दोघांनी ॲरिझोनाला जायचं आणि हेरन्सचा मोसमाआधीचा सराव बघायचा. "यंदा काही खरं नाही" एवढं मर्लने स्वतःच्या तोंडाने म्हटलं, की अलास्का. तोवर डोरीनने बिनतक्रार उन्हात उभं राहायचं.

मर्ल काही ते म्हणेना. संघ हरला की तो म्हणे, "सरावातलं मोजत नाहीत." जिंकला की म्हणे, "बघितलंस?" डोरीन बघत नसे. ती मैदानाच्या पार टोकाला नजर लावून उभी असे. तिथे संघात अजून जागा न मिळालेली, पाठीवर नाव नसलेली, नुसते मोठमोठे आकडे मिरवणारी पोरं जाळ्यात चेंडू फेकत बसलेली असत. हिमनद्या बघत असेल मनातल्या मनात, असं मर्लला वाटे.

मुख्य स्टेडियमच्या मागच्या या मैदानाला तिकीट नव्हतं, खुर्च्या नव्हत्या, धावफलकही नव्हता. जाळीला नाक लावून उभं राहायचं. नियमही सोयीपुरते. चेंडू टाकणाऱ्या पिचरला फारच मार बसू लागला तर प्रशिक्षक मध्येच डाव गुंडाळून टाकी. मग नियमाप्रमाणे तिघं बाद झालेले असोत वा नसोत. देशाचा कारभारही याच पद्धतीने चालवावा, असं मर्लचं मत होतं.

आज मार खात होता तो कॉल्बी रस्क. हेरन्सचा हुकमी पिचर. गेल्या मोसमात त्याच्या उजव्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली होती, आणि मर्लची यंदाची सगळी भिस्त त्या कोपरावर होती. हिवाळाभर त्याने त्या कोपराची जेवढी काळजी वाहिली, तेवढी स्वतःच्या प्रोस्टेटची वाहिली असती तर डॉक्टरांचे फोन बंद झाले असते.

रस्कने आणखी दोन चेंडू टाकले. दोन्ही लांब गेले.

"पुरे!" प्रशिक्षक ओरडला. "झाला डाव!"

खेळाडू निमूट आत गेले.

"एकही बाद झाला नाही," डोरीन म्हणाली.

"बाद करायला वेळ कुठे दिला?"

"कीव आली म्हणून थांबवलं रे त्याला."

"कीव नव्हे. डावपेच."

शेजारी घडीच्या खुर्चीत बसलेल्या एका लठ्ठ माणसाने तोंडातली सूर्यफुलाची टरफलं थुंकली. "बाई बरोबर बोलतायत, दोस्ता."

"तुला कुणी विचारलं?" मर्ल म्हणाला.

पुढच्या डावाला रस्क पुन्हा आला. त्याने हात मागे नेला, चेंडू सोडला आणि तिथेच खाली बसला. डाव्या हाताने उजवं कोपर धरून. डॉक्टर धावले. रस्क तोंडावर ग्लोव्ह धरून बाहेर निघाला. लठ्ठ माणसाचंही चघळणं थांबलं.

मर्लने टोपी काढली. मेहुण्याच्या दफनाला त्याने ती काढली नव्हती.

"यंदा काही खरं नाही," तो म्हणाला.

डोरीनची नजर मैदानावरच होती. रस्कच्या जागी टोकाकडचा एक काटकुळा पोरगा आला होता. नंबर चौऱ्याण्णव. त्याने चेंडू टाकला. कॅचरच्या ग्लोव्हमधून असा आवाज आला, की पलीकडच्या मैदानावरची माणसं वळली. बॅटरची बॅट चेंडू गेल्यावर फिरली. पुढच्या दोन चेंडूंनाही ती उशिराच फिरली, आणि तो बाद होऊन आपल्या बॅटकडे संशयाने बघत परत गेला.

"डोरीन, ऐकलंस ना? म्हटलं मी ते. जिंकलीस तू."

"गप्प बस जरा. त्याचा खांदा बघ."

"कुणाचा?"

"मंगळवारपर्यंत खांदा आधी वळायचा आणि हात मागून फरफटत यायचा. सुधारलं बघ पोरानं. एकट्यानं, जाळ्यात फेकून फेकून."

मर्लने बायकोकडे पाहिलं. हे डोळे त्याच्या ओळखीचे होते. रोज दाढी करताना आरशात दिसायचे.

"अगं, पण अलास्का?" त्याने घाबरत विचारलं. "मी तर हरलो ना?"

"सरावातलं मोजत नाहीत," डोरीन म्हणाली.

पोरगा घाम पुसत कुंपणाजवळून निघाला होता. तिने पत्रकाची गुंडाळी केली, पर्समधून पेन काढलं आणि दोन्ही जाळीतून आत सारली.

पोरगा गोंधळला. "सही कुठे करू, सेन्योरा?"

"त्या बर्फावर कर. तिथे भरपूर जागा आहे. आणि नाव नीट वाचता येईल असं लिही, बाळा. पाठीवर अजून कुणी लिहिलेलं नाही."