मागे काही उरत नाही

अच्युतरावांनी इनकॉग्निटो विंडो उघडली आणि त्यातल्या टोपी-चष्मेवाल्या चित्राकडे विश्वासाने पाहिलं. या विंडोत केलेलं मागे काहीच उरत नाही, असं त्यांनी पेपरात वाचलं होतं. पत्नीला जाऊन पाच वर्षं झाली होती, पण बासष्टाव्या वर्षी घरात बोभाटा नको होता. त्यांनी पुनर्विवाह मंडळाचा फॉर्म डाउनलोड केला, वय साठ लिहिलं, आवडीनिवडींत पोहणं घातलं, मेहुण्याच्या लग्नातला फोटो चिकटवला आणि सेव्ह केला. मग विंडो बंद करून ते देवापुढे निरांजन लावायला गेले.

दुसऱ्या दिवशी सूनबाई सोसायटीच्या सभेची नोटीस छापायला त्याच कॉम्प्युटरवर बसली. डाउनलोड्समध्ये सगळ्यात वर सासऱ्यांचा बायोडाटा होता.

चहाचा कप पुढे ठेवत ती म्हणाली, "बाबा, त्या विंडोत तुम्ही कुठे कुठे फिरलात तेवढंच पुसलं जातं. डाउनलोड केलेलं घरातच राहतं."

अच्युतरावांनी चहा बशीत ओतला. थोडा टेबलावरही ओतला.

"माझी काही हरकत नाही," ती फडक्याने टेबल पुसत म्हणाली. "साठ खपून जातील. पोहणं काढा, तुम्हाला येत नाही. आणि फोटो बदला."

"फोटोला काय झालं? तुझ्या सासूबाईंना व्यवस्थित कापलंय मी."

"कापलंय हो. पण तुमच्या खांद्यावर त्यांचा हात तसाच राहिलाय."