लोणच्याची फोड

दिगंबर साळवी अर्ज घेऊन डायलिसिस केंद्रात आले. त्यांच्या बायकोला, कुंदाला, जाऊन चार महिने झाले होते, पण किडनीच्या रुग्णांच्या सामायिक जाळ्यात ती अजून बोलत होती. डायलिसिसच्या सहा वर्षांतल्या तपासण्या, जेवणखाण, मनातलं बोलणं, सगळं तिनेच जाळ्याला दिलं होतं. कोणी काही विचारलं की तिच्या आवाजात उत्तर येई. दिगंबरांनी ते अजून एकदाही ऐकलं नव्हतं.

"तिला काढून टाका," ते म्हणाले.

"काका, रोज नऊशे माणसं त्यांना विचारतात," खिडकीतली नेत्रा म्हणाली. "बटाटा दोनदा उकळून पाणी फेकायचं, हे त्यांनीच शिकवलं."

"आणि माझं लोणचं? तेही ती सगळ्यांना सांगते म्हणे. बाजारात लोक मला लोणचेवाले साळवी म्हणतात."

मागच्या बाकावर एक नवा रुग्ण बायकोबरोबर बसला होता. त्याने फोनवर विचारलं, "लोणच्याची एखादी फोड चालेल का हो?"

"नका खाऊ," कुंदा म्हणाली. "आमचे हे दया येऊन द्यायचे आणि मी खायचे. मग रात्रभर धाप लागायची. त्यांना कधी कळू दिलं नाही. बिचारे रडत बसले असते."

रुग्णाच्या बायकोने हातातला लोणच्याचा डबा पिशवीत ठेवला.

"मला कळलं, एवढं तिला सांगता येईल का?" दिगंबरांनी विचारलं.

"आता त्यांच्यात नवीन काही जात नाही, काका."

त्यांनी अर्जाची घडी करून खिशात ठेवली आणि ते पुढचा प्रश्न ऐकायला बाकावर बसले.