उभी लहर, आडवी लहर
तांड्यावरच्या आरोग्य उपकेंद्रात उपग्रहाची छत्री बसली, पण रूपाबाई पडद्यावरच्या डॉक्टरीणबाईंशी बोलेना. गोरेगावचं केंद्रही त्याच लहरीवर चालतं, असं तिनं ऐकलं होतं आणि तिथं तिची नणंद नर्स होती. "माझं बोलणं तिकडं ऐकू जात न्हाई कशावरून?" तिनं छत्री बसवणाऱ्या सुदामला दरडावलं. "मावशी, खर्च वाचवायला दोघांना लहर एकच दिलीय. पण तुमचं बोलणं उभं जातं, त्यांचं आडवं. मिसळत न्हाई. त्यांच्या छत्रीचा डबा आडवा, त्याला उभं बोलणं पकडता येत न्हाई." "करून दाखव." सुदामनं गच्चीवर जाऊन छत्रीपुढचा लहर पकडणारा डबा आडवा फिरवला, तसा खाली डॉक्टरीणबाईंचा आवाज बंद पडला. उभा केल्यावर परत आला. रूपाबाईनं हे तीनदा करायला लावलं. मग सगळ्यांना बाहेर काढून तिनं दाराला कडी घातली, पडद्याजवळ खुर्ची ओढली आणि दोन वर्षं नवऱ्यापासूनही लपवलेलं सांगितलं, "बाई, माझ्या छातीत गाठ हाय."