गुरुजींनी दिलेली तारीख

'जन्मतारीख टाका.' खाली लाल अक्षरांत : 'शेवटचा प्रयत्न.'

धम्मदीपने कीबोर्डवरून हातच उचलला. चुकून बोट लागायला नको. आता चुकलं की बाबांचं ईमेल अकाउंट कायमचं लॉक. आणि बाबांच्या सगळ्या आठवणी आत. रिटायर झाल्यापासून रोज सकाळी ते मोबाइलवर पानभर टाइप करायचे आणि स्वतःलाच मेल करायचे. मी गेल्यावर वाचा, म्हणायचे. ते गेले आणि धम्मदीपने शहाणपणा केला. त्यांचं सिम बंद केलं, फोन रिसेट करून आईला दिला. ओटीपी त्याच नंबरवर जातो, हे नंतर सुचलं.

"एक जूनच टाक की परत," शर्मिलाताई वारज्याहून फोनच्या स्पीकरवर म्हणाली.

"दोनदा टाकली. तिसऱ्यांदा टाकली तर त्याला दया येणार आहे का?"

"माझ्यावर कशाला चिडतोस? सिम मी बंद केलं का?"

एक जून चौपन्न. आधारवर तीच, पॅनवर तीच, पेन्शनलाही तीच.

आई दारात उभी होती. "एकदा बँकेतल्या बाईने यांना विचारलेलं," ती म्हणाली, "तुमच्या वयाचे सगळे एक जूनलाच कसे हो जन्मले?"

"मग?"

"मग काय. म्हणाले, ती गुरुजींनी दिलीय, शाळेत नाव घालताना. माझी मी दुसरी घेतलीय."

"कुठली?"

"मी नाही विचारलं. मागे लाइनीतले लोक वैतागले होते."

धम्मदीपने तळहात पँटला पुसले. स्वतः घेतलेली. चौदा एप्रिल? नाही, ती बाबासाहेबांची. तिच्यावर बाबांनी हक्क सांगितला नसता. मग चौदा ऑक्टोबर. दीक्षेचा दिवस. नागपूरला त्या दिवशी दोन वर्षांचे बाबा आजीच्या कडेवर होते, हे घरात सगळ्यांना पाठ. पण साल? खरं चौपन्न, की दीक्षेचं छप्पन?

"आई, साल कुठलं टाकू?"

"मला काय विचारतोस. मला तर तारीखसुद्धा सांगितली नाही त्यांनी."

"थांब ना जरा," ताई म्हणाली. "उद्या कुणाला तरी विचारू."

"कुणाला विचारणार, ताई? ज्यांना विचारायचं..." शिवाय उशीर झाला तर पान आपोआप बंद पडायची भीती वेगळीच.

त्याने टाइप केलं. १४. १०. १९५६. तीनदा मोठ्याने वाचलं. एंटर दाबताना डोळे मिटले.

चक्र फिरत राहिलं. बराच वेळ. मग नवा पासवर्ड मागितला. मग ओळीच्या ओळी उतरल्या. सगळे मेल बाबांकडून, बाबांना. त्याने घाईघाईने सगळं डाउनलोडला लावलं आणि चार्जरची सैल पिन एका हाताने धरून ठेवली.

"उघडलं का रे?" फोनमधून ताई. "अरे, बोल ना. उघडलं का?"

आई जवळ आली, वाकली, चष्मा नाकावर नीट बसवून त्या ओळी बघत राहिली.

"मग दर एक जूनला तू केक आणायचास," ती हळूच म्हणाली, "तो कुणाचा वाढदिवस म्हणून खायचे रे हे?"