टिकलीवाली आयसी

इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलची परीक्षा सुरू होऊन वीस मिनिटं झाली नाहीत, तोच चंचलच्या हातून आयसी, म्हणजे सर्किटमधली चिप, जळाली. प्लस बारा आणि मायनस बारा व्होल्टच्या वायरी उलट्या लागल्या होत्या. लागणारच. टेलिफोनच्या केबलमधून सोललेल्या सगळ्या वायरी पिवळ्या.

दुसरी आयसी मागितली की तीन मार्क कट. लॅबचे लटारूभाऊ परीक्षेच्या आदल्या दिवशी एकेक आयसी स्वतः तपासायचे आणि चांगल्या आयसीवर माचिसच्या काडीनं नेलपॉलिशची लाल टिकली लावायचे. टिकलीवाली आयसी म्हणजे खात्रीची. सर्किट चाललं नाही तर चूक पोरापोरींची.

शेजारच्या टेबलावरची आफ्रीन ग्राफपेपर आणायला उठली. घुग्घुसची आफ्रीन, वर्षभर चंचलची पार्टनर. चंचलनं तिची आयसी उपसली आणि आपली तिथे खोचली. टिकली दोन्हींवर होतीच. दहा सेकंदांचं काम. अशा कामाला हिंमत लागत नाही, फक्त अक्कल गहाण टाकावी लागते.

आता चंचलच्या सीआरओच्या पडद्यावर छान लाट उभी राहिली आणि आफ्रीनच्या सीआरओवर आडवी रेघ. आफ्रीननं सगळ्या वायरी काढल्या, पुन्हा लावल्या. रेघ काही हलेना. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात अप्रेंटिसला यंदा एकही विषय बॅक नसलेल्यांनाच बोलावणार होते. आफ्रीननं फॉर्मसाठी फोटोसुद्धा काढून ठेवले होते.

शेवटी ती हळूच म्हणाली, "चंचल, बघ ना जरा. मले वाटून राह्यलं, आयसीच गेली. तीन मार्क जाऊ दे, बदलून मागू का?"

सर्किटमधला बिघाड शोधण्यात चंचलचा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं. नुसतं 'माग' म्हटलं असतं तरी आफ्रीन पास होती. पण मग जळालेली आयसी लटारूभाऊंच्या हातात जाणार, आपण तपासलेली आयसी गेली कशी म्हणून ते विचारणार, बाहेरून आलेले सर मान वळवून बघणार. चंचलचे कान तापले. तिनं मीटरची टोकं उगाच इथं-तिथं टेकवली.

"आयसी चांगली हाय," ती म्हणाली. "तुह्या ग्राउंडची वायरच ढिली हाय कुठी तरी."

आफ्रीननं मान डोलावली आणि पुढची चाळीस मिनिटं ती ग्राउंड शोधत राहिली. चंचलला ग्राफवर साधी रेघ ओढता येईना. सांगून टाकावं म्हणून ती दोनदा उठली आणि दोनदा बसली. लाज तर वाटतच होती मेली, पण भीती तिच्याहून मोठी होती.

सर आले. आडवी रेघ बघून त्यांनी बिघाड कुठे आहे ते विचारलं. ग्राउंडमध्ये, असं आफ्रीननं सांगितलं. आऊटपुटच्या रकान्यात शून्य भरून ते पुढच्या टेबलाकडे गेले.

सायकल स्टँडवर चंचलनं तिला गाठलं. आता सांगायचंच, असं ठरवून ती आली होती. तोंड उघडलंही तिनं. पण आफ्रीननं ओढणीनं डोळे पुसले आणि तिचाच हात धरला.

"बरं झालं तुले विचारलं," ती म्हणाली. "मी त आयसीलेच दोष देऊन राह्यली होती. लटारूभाऊची फुकट बेइज्जती झाली असती माह्यापायी."