क्रेनचा हात खाली

"हात खाली घ्या," वॉकीटॉकीवर मॅनेजरसाहेब म्हणाले.

क्रेनवाल्याने काचेच्या केबिनमधून खाली पाहिलं. धक्क्याला नुसतं पाणी लागलं होतं.

"साहेब, जहाज कुठाय?"

"जहाज आणायलाच तर हा खटाटोप! जहाज कंपनीचे पाहुणे आलेत. क्रेन गंजलेली नाही, एवढं तरी बघू देत. आणि बाहेर अवाक्षर नको. तुमच्या घरी तर मुळीच नको. समोरच्या बंदराचं नोकरीचं पत्र आलंय ना तुमच्या मुलीला? त्यांना कुणकुण लागली तर पाहुणे तिकडेच पळवतील."

समोरचं बंदर म्हणजे खाडीपलीकडचा दुसरा देश. इथं जहाज लागलं की त्याच्या धुरावर कर, तिथं दमडी नाही. जहाजांना काय, ती शहाणी झाली. माल तिकडे उतरू लागला. धूर होता तेवढाच राहिला, फक्त इथल्या लोकांचं काम गेलं.

क्रेनचा लांब हात करकरत खाली आला. बडा घर पोकळ वासा, क्रेनवाला स्वतःशीच म्हणाला. गावाला त्या हाताची सवय होती. तो खाली दिसला की जहाज लागलं असं समजायचं. वर दिसला की सगळे हातावर हात ठेवून घरी.

मोबाइल वाजला. त्याने स्पीकर लावला.

"बाबा! खिडकीतून दिसतंय मला! हात खाली आलाय!" मुलगी जवळजवळ ओरडतच होती.

"अगं, ऐक जरा..."

"जहाजं परत येतील, म्हटलं नव्हतं मी? समोरच्यांना कळवून टाकलं आत्ताच. म्हटलं, नको तुमची नोकरी."

आई गेल्यावर बाबांना एकटं टाकून जायचं पोरीच्या जिवावर आलं होतं. जा गं, इथं राहून सडशील, असं सांगून सांगून त्याने तिला कशीबशी राजी केली होती.

"परत कळव. चुकून झालं म्हण."

"आता कशाला? त्यांनी दुसरीला घेतलंसुद्धा. सुटले बाई एकदाची!" ती हसली. किती दिवसांनी हसली होती.

खरं सांगावं तर साहेबांशी बेइमानी, न सांगावं तर लेकीशी. एवढ्या उंचावर बसलेला माणूस, पण जायला वाट कुठेच नव्हती.

"झकास!" वॉकीटॉकी खरखरला. त्याने चटकन मोबाइलवर तळवा दाबला. "आता डबे धरायची ती लोखंडी चौकट वर-खाली करा. मालाचा डबा उचलताय असं वाटू दे."

त्याने दांडा ओढला. खाली पाहुण्यांनी माना वर केल्या. एकाने फोटो काढला. साहेबांनी लांबूनच हात जोडले.

"बाबा, आहात ना?" मुलगी विचारत होती. "जहाज केवढं आहे? मधे गोदाम येतंय, इथून दिसत नाही."

त्याने खाली पाण्याकडे पाहिलं. तिथे एक पक्षी बुडी मारून वर आला होता.

"मोठं आहे," तो म्हणाला, आणि रिकामी चौकट अगदी हलक्या हाताने खाली सोडू लागला.