अळिवाच्या लाडवांचा डबा

"आई, तू आजी होणार आहेस!" निनाद फोनवर ओरडला आणि नारळ खवता खवता कुमुदताईंचा हात थांबला. डोळे पुसावेत तोच विळीशेजारची अळिवाची पुडी दिसली.

थंडी सरायच्या आत सुनेच्या अंगी लागावेत म्हणून गेल्याच आठवड्यात त्यांनी अळिवाचे पंचवीस लाडू पुण्याला धाडले होते. अळीव उष्ण. बाळंतिणीला आवर्जून द्यायचे, पण गरोदर बाईनं तोंडातसुद्धा घालायचे नाहीत, असं त्यांच्या आईनं शंभरदा बजावलेलं.

"लाडू उरलेत का रे?"

"छे! डबा कधीच रिकामा झाला."

"आधी तिला फोन दे." सून फोनवर येताच कुमुदताईंनी विचारलं, "खरं सांग गं बाळा, किती खाल्लेस? पोटात दुखत नाही ना?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग सून अगदी हळू म्हणाली, "आई, रागावू नका. मी एकही खाल्ला नाही. मला अळिवाचा वासच सोसत नाही. तीन वर्षं झाली, तुमचा डबा आला की निनादच्या नकळत शेजारच्या आजोबांना देऊन टाकते."

तीन वर्षं, "लाडू फार छान झाले होते हं" ऐकून कुमुदताई हरखत आल्या होत्या.

"गुणाची गं माझी बाय," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. त्यांनी विळी मिटली, हात धुतले आणि आयुष्यात पहिल्यांदाच, आपण केलेलं कुणी खाल्लं नाही म्हणून देवापुढे साखर ठेवली.